सयाम-ब्रह्मदेश रेल्वे : युद्धानंतर तिचे रूळ कोणाचे ठरले? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने युद्धकैद्यांच्या आणि आशियाई मजुरांच्या जिवावर बांधलेली सयाम-ब्रह्मदेश रेल्वे आपल्याकडे 'मृत्यूची रेल्वे' म्हणून माहीत आहे. छळछावण्यांबद्दल मराठीत थोडंफार वाचायला मिळतं. जपान शरण आल्यावर त्या लोखंडाचं, इंजिनांचं, पुलांचं आणि वाघिणींचं (मालडब्यांचं) काय झालं, याबद्दल मात्र फारसं सापडत नाही. ही रेल्वे विकली गेली, हेच अनेकांना ठाऊक नसतं. कोणी विकली, कोणाला, किती रकमेला, आणि पैसे कोणाकडे गेले, या अंगाने विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. देशाच्या नावाबद्दल एक खुलासा आधीच करतो. १९३९ मध्ये सयामचं थायलंड झालं, १९४५ मध्ये पुन्हा सयाम आणि १९४९ मध्ये परत थायलंड. खाली दोन्ही नावं येतील, देश एकच.

ही रेल्वे नेमकी कुठून कुठे जात होती?

बँकॉकच्या पश्चिमेला नोंग प्लादुक नावाचं स्टेशन आहे. तिथून कांचनाबुरी, मग ख्वे नोई नदीच्या काठाकाठाने डोंगरात, तीन पॅगोडांच्या खिंडीतून ब्रह्मदेशात आणि शेवटी थानब्युझायात. एकूण ४१५ किलोमीटर. त्यातले सुमारे ३०४ किलोमीटर सयामच्या हद्दीत आणि उरलेले १११ ब्रह्मदेशात. मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. १९४२ च्या मध्यापासून दोन्ही टोकांकडून काम सुरू झालं आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी कोनकोइता इथे रूळ जोडले गेले. सिंगापूरला वळसा घालून रंगूनकडे जाणारा समुद्रमार्ग दोस्तांच्या पाणबुड्यांमुळे धोक्याचा झाला होता, म्हणून जपानला ब्रह्मदेशातल्या फौजेसाठी जमिनीवरचा रस्ता हवा होता.

साठ हजारांहून जास्त युद्धकैदी (ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच, थोडे अमेरिकन) आणि दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर या कामावर होते. बारा हजारांहून अधिक कैदी मेले. मजुरांच्या मृत्यूंचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास सांगितला जातो.

जपानने बांधली आणि जपान हरला. मग मालकीचा प्रश्न येतोच कुठे?

येतो, कारण ही रेल्वे एका मालकाची वस्तूच नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीवर तिसऱ्या-चौथ्याच्या घरांच्या विटा काढून नवं घर बांधावं, तशातला हा प्रकार.

जमीन सयामची. सयाम स्वतंत्र देश होता, त्याचं सार्वभौमत्व कोणी अमान्य केलेलं नव्हतं. बरेचसे रूळ मलायाच्या आणि ब्रह्मदेशाच्या रेल्वेतून उखडून आणलेले. त्या दोन्ही ब्रिटिश वसाहती, पण दोघींचे खजिने आणि हिशोब वेगळे. लोखंडी पुलांचे काही गाळे जावा बेटावरचे, म्हणजे डचांच्या ताब्यातल्या ईस्ट इंडीजचे. शेकडो लाकडी पूल आसपासच्या जंगलातल्या झाडांचे. इंजिनांपैकी काही खुद्द जपानची, काही मलायाची, काही ब्रह्मदेशची. आणि या सगळ्याला एकत्र बांधणारी मेहनत ज्यांची, त्यांच्यातले बहुतेक जण बळजबरीने किंवा फसवून आणलेले.

म्हणजे 'जपानी मालमत्ता' म्हणून ही रेल्वे ताब्यात घेतली, तरी तिच्यातलं निव्वळ जपानी काय, हा प्रश्न उरतोच. त्यावर चार सरकारांचे हक्क होते. जपानकडून भरपाई मागणारे इतर दोस्त देशही होते आणि परदेशातल्या जपानी मालमत्तेकडे त्यांचंही लक्ष होतं.

युद्धातल्या अशा मालाबद्दल कायदा काय म्हणतो?

युद्धाबद्दलच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांमधली दोन कलमं इथे महत्त्वाची आहेत. कलम ५३ सांगतं की व्यापलेल्या प्रदेशातल्या सरकारची जी जंगम मालमत्ता युद्धाच्या उपयोगी आहे, ती व्यापणाऱ्या सैन्याला ताब्यात घेता येते. वाहतुकीची साधनं तर खाजगी मालकीची असली तरी घेता येतात, पण शांतता झाल्यावर ती परत करायची आणि भरपाई ठरवायची. कलम ५५ म्हणतं की सरकारी स्थावर मालमत्तेचा व्यापणाऱ्याने फक्त वापर करावा, ती मोडू नये, तिचं मूळ धन सांभाळावं.

रेल्वेची अडचण अशी की ती या दोन्हींच्या मधोमध पडते. वाघीण जंगम आहे, यात वाद नाही. पण जमिनीत घट्ट बसवलेला रूळ? माझ्या मते चालू मार्गाचे रूळ उखडून दुसऱ्या देशात नेणं हे कलम ५५ च्या विरुद्धच जातं. तो मार्ग वापरणं झालं नाही, तो नाहीसा करणं झालं.

याशिवाय ५ जानेवारी १९४३ चं लंडन जाहीरनामा आहे. शत्रूने व्यापलेल्या प्रदेशातून नेलेल्या मालमत्तेचे व्यवहार, मग ते उघड लूट असोत किंवा वरवर कायदेशीर दिसणारी खरेदी, रद्द ठरवण्याचा हक्क दोस्त राष्ट्रांनी त्यात राखून ठेवला. सही करणाऱ्यांत भारताचंही नाव होतं. मलायाच्या रुळांवरचा मलायाचा हक्क युद्धानंतर मान्य झाला, त्याला याच विचाराचं बळ होतं.

रूळ मलायातून आणले म्हणजे नेमके कुठून?

मुख्यतः पूर्व किनाऱ्याच्या रेल्वेवरून. गेमासपासून जंगलातून उत्तरेला केलांतानकडे जाणारा हा मार्ग १९३१ मध्ये पुरा झाला होता, म्हणजे अवघ्या अकरा-बारा वर्षांचा होता. जपान्यांनी त्यातले सुमारे ३०० किलोमीटर रूळ काढून नेले. वसाहतीच्या पूर्वेकडचा मोठा भाग रेल्वेविना राहिला. ब्रह्मदेशात रंगूनहून निघणाऱ्या मुख्य मार्गावर दुहेरी रूळ होते, तिथला एक मार्ग उखडला गेला.

हे जुळून आलं त्याचं एक तांत्रिक कारण होतं. मलाया, सयाम आणि ब्रह्मदेश, तिन्हीकडे मीटरगेज. रूळ, वाघिणी, इंजिनं कुठेही चालू शकत. जावातली रेल्वे १०६७ मिलिमीटरची आणि जपानचीही तेवढीच, त्यामुळे तिथल्या गाड्यांची चाकं बदलून घ्यावी लागत. पुलाच्या गाळ्यांना ती अडचण नव्हती.

मलायाचे रूळ आणखी एका ठिकाणी गेले. दक्षिण सयाममधल्या क्रा संयोगभूमीवर चुंफोनपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे ९० किलोमीटरची रेल्वे जपान्यांनी १९४३ मध्ये काही महिन्यांत उभी केली होती. ती फार टिकली नाही. तिचे रूळ उखडले गेले आणि आज तिच्या फक्त खुणा उरल्या आहेत.

शरणागतीनंतर रेल्वे कोणाच्या ताब्यात होती? लगेच का नाही मोडली?

ब्रिटिश लष्कराच्या, म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडच्या. सयाममध्ये उतरलेली मुख्य फौज होती सातवी भारतीय डिव्हिजन. जपानी सैन्याला निःशस्त्र करण्याचं काम तिने केलं. शरण आलेल्या जपानी सैनिकांकडूनच रेल्वेची देखभाल आणि पुढे मोडतोड करून घेतली गेली.

लगेच मोडली नाही, कारण तिची गरज होती. डोंगरातल्या छावण्यांमध्ये अजून माणसं होती. आणि तिथे थडगी होती. १९४५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक शोधपथक याच रेल्वेने मार्गभर फिरलं. त्यात स्वतः कैदेत राहिलेले लोक होते. त्यांनी शंभराहून जास्त दफनभूमींमधल्या दहा हजारांवर थडग्यांची नोंद केली. छावण्यांमध्ये जीव धोक्यात घालून लपवलेल्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या. रूळ आधी उखडले असते तर पावसाळ्यानंतरच्या त्या जंगलात हे काम जवळजवळ अशक्य झालं असतं. मालकीच्या चर्चेत ही बाजू सहसा कोणी मांडत नाही. माझ्या लेखी त्या वर्षी या रुळांचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच झाला.

सयाम तर जपानच्या बाजूने युद्धात उतरला होता. मग त्याच्याशी सौदा कसा?

२५ जानेवारी १९४२ रोजी सयामने ब्रिटन आणि अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, हे खरं. पण देशात 'मुक्त थाई' चळवळ जपानविरुद्ध काम करत होती आणि १६ ऑगस्ट १९४५ रोजी सयामने ती युद्धघोषणा रद्दबातल ठरवली. अमेरिकेने सयामला शत्रू मानलंच नव्हतं. ब्रिटनने मानलं होतं, आणि ब्रिटनच्या कडक अटी सौम्य व्हाव्यात म्हणून अमेरिका दबाव आणत होती.

शेवटी १ जानेवारी १९४६ रोजी सिंगापूरला करार झाला. युद्धस्थिती संपली, युद्धात घेतलेले मलायाचे आणि ब्रह्मदेशाचे प्रदेश सयामने परत केले, ब्रिटिश मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी घेतली आणि १५ लाख टन तांदूळ फुकट देण्याचं कबूल केलं. ही तांदळाची अट पुढे बदलून खरेदीवर आली. लष्करी थडग्यांच्या देखभालीची तरतूदही करारात होती. रेल्वेच्या विक्रीची बोलणी याच्यानंतरची. युद्धस्थिती संपल्यामुळेच सयाम ग्राहक म्हणून समोर बसू शकला.

या करारावर एका मराठी माणसाची सही आहे, हे खरं का?

हो. करार एका बाजूला सयाम आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटन व भारत असा होता. ब्रिटनतर्फे एम. ई. डेनिंग यांनी सही केली आणि भारत सरकारतर्फे माधव श्रीहरी अणे यांनी. हेच आपले लोकनायक बापूजी अणे, वणीचे, यवतमाळला वकिली केलेले, टिळकांचे अनुयायी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशातल्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे होतं. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी झाले आणि तिथूनच सिंगापूरच्या सहीसाठी त्यांची नेमणूक झाली.

विदर्भातल्या वाचकांनाही ही गोष्ट नवी वाटते, म्हणून इथे आवर्जून लिहिली. रेल्वेच्या विक्रीत अणे यांचा भाग नव्हता, दोन गोष्टींची गल्लत करू नये.

रेल्वे किती रकमेला विकली गेली?

ऑक्टोबर १९४६ मध्ये सयामच्या हद्दीतला भाग सयाम सरकारला १२ लाख ५० हजार पौंडांना विकला गेला. त्या वेळच्या दराने हे पाच कोटी बाट होतात, आणि आपल्या तेव्हाच्या रुपयात (पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै) सुमारे १ कोटी ६७ लाख. ३०४ किलोमीटरने भागलं तर किलोमीटरला चार हजार पौंडांच्या थोडं वर.

हा भाव चांगला की वाईट, असं विचारलं जातं. डोंगरातून नवा मार्ग काढायचा तर याच्या कितीतरी पट खर्च आला असता. पण ही रेल्वे घाईत, लष्करी गरजेपुरती बांधलेली होती. सहाशेहून जास्त पूल, त्यातले बहुसंख्य ओल्या लाकडाचे, पावसाळ्यात खचणारे भराव, शिवाय बॉम्बहल्ल्यांनी मोडलेली बांधकामं. सयाम विकत घेत होता ते मुख्यतः रूळ, लोखंड आणि कांचनाबुरीच्या बाजूचा वापरण्याजोगा तुकडा. त्याची स्वतःची रेल्वे बॉम्बनी खिळखिळी झाली होती. चाओ फ्राया नदीवरचा राम सहावा पूलही पडला होता. अशा वेळी लोखंडाची बाजारात चणचण असताना हा माल देशाबाहेर जाऊ न देणं सयामच्या फायद्याचं होतं.

पैसे ब्रिटनने ठेवून घेतले का?

विक्रीची रक्कम ज्यांचा माल जपान्यांनी उचलून नेला होता त्या शेजारच्या प्रदेशांना भरपाई देण्यासाठी वापरली गेली. म्हणजे मलाया, ब्रह्मदेश आणि डच ईस्ट इंडीज.

या व्यवस्थेमागचा व्यवहार समजण्यासारखा आहे. प्रत्येक रूळ कुठल्या रेल्वेचा ते ओळखणं तत्त्वतः शक्य असतं. कारखान्याचं नाव आणि वर्ष रुळावर उठवलेलं असतं. पण तीनशे किलोमीटर रूळ पुन्हा उखडायचे, डोंगरातून खाली आणायचे, जहाजात भरायचे आणि हजार किलोमीटरवर नेऊन पुन्हा टाकायचे, यात वेळ किती गेला असता? १९४६ मध्ये जहाजं तांदूळ वाहायलाही पुरत नव्हती. तेव्हा माल जागेवर विकून पैसे वाटणं हा मार्ग चारही सरकारांना परवडणारा होता. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. वस्तू जिथे आहे तिथे तिचा उपयोग झाला आणि ज्याची ती होती त्याचा हक्क कागदावर मान्यही झाला.

ब्रह्मदेशातल्या भागाचं काय झालं?

तो मोडला गेला. १९४६ च्या सुरुवातीलाच सीमेजवळ, सयामच्या बाजूच्या निके आणि सोंक्राय या ठिकाणांमधले सुमारे चार किलोमीटर रूळ जपानी कैद्यांकडून काढून घेण्यात आले. त्यामुळे दोन देशांमधली रेल्वे तुटली. बँकॉक ते रंगून थेट रेल्वे झाली तर माल सिंगापूर बंदर टाळून जाईल, ही ब्रिटिशांची काळजी यामागे होती असं सांगितलं जातं. नंतर ब्रह्मदेशाच्या बाजूचे रूळ टप्प्याटप्प्याने काढून मोलम्याइनला गोळा केले गेले. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा त्या जंगलातला मार्ग जवळपास संपलेला होता.

मलायाची रेल्वे पुन्हा कधी उभी राहिली?

पूर्व किनाऱ्याचा मार्ग पूर्ण सुरू व्हायला १९५४ उजाडलं. मधल्या काळात, १९४८ पासून, मलायात कम्युनिस्ट बंडखोरीविरुद्धची आणीबाणी होती आणि हा मार्ग नेमका त्याच जंगलातून जात होता. एका रेल्वेचे रूळ उचलायला महिने लागले आणि ते परत टाकायला युद्धानंतर नऊ वर्षं. भरपाईच्या रकमेत हा मधला काळ कुठेच मोजला जात नाही. त्या काळात केलांतानच्या शेतकऱ्याला दक्षिणेकडे जाणारी सलग गाडी नव्हती.

इंजिनं कोणाला मिळाली?

जपानने सी-५६ जातीची ९० छोटी इंजिनं मीटरगेजसाठी बदलून सयाम आणि ब्रह्मदेशाकडे पाठवली होती. त्यांतली ४६ युद्धानंतर सयामच्या सरकारी रेल्वेत दाखल झाली आणि त्यांना ७०१ ते ७४६ असे क्रमांक मिळाले. त्यांनी पुढे अनेक वर्षं गाड्या ओढल्या. दोन इंजिनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानला परत गेली. सी-५६ ३१ हे टोकियोतल्या यासुकुनी मंदिराच्या संग्रहालयात उभं आहे, तर सी-५६ ४४ ओइगावा रेल्वेवर पर्यटकांसाठी चालवलं गेलं. यांतलं पहिलं, म्हणजे संग्रहालयातलं इंजिन रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशी, २५ ऑक्टोबर १९४३ रोजी, हजर होतं. संग्रहालयाच्या मांडणीत मजुरांच्या मृत्यूंना त्यांचं माप मिळत नाही, ही टीका वर्षानुवर्षं होत आली आहे आणि ती मला योग्य वाटते.

त्याच काळात अमेरिकन लष्कराची शिल्लक राहिलेली 'मॅकआर्थर' इंजिनंही सयामने घेतली. मीटरगेजसाठी युद्धकाळात बांधलेलं हे इंजिन आपल्याला परकं नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

सयामने विकत घेतलेल्या रेल्वेचं पुढे काय केलं?

सगळी चालवायची की काही भाग, यावर आधी विचार झाला. १ फेब्रुवारी १९४७ रोजी पाहणी चालू असताना कोनकोइताजवळ पूल कोसळला आणि सयामचे वाहतूक मंत्री त्यात मरण पावले. त्यानंतर डोंगरातला वरचा भाग सोडून द्यायचा आणि तिथलं साहित्य खालच्या भागाच्या दुरुस्तीला वापरायचं, असं ठरलं.

नोंग प्लादुक ते कांचनाबुरी हा तुकडा २४ जून १९४९ रोजी सुरू झाला. वांग फोपर्यंत गाडी १ एप्रिल १९५२ ला गेली आणि नाम तोकपर्यंत १ जुलै १९५८ ला. तिथेच मार्ग थांबला. आज चालू असलेला भाग सुमारे १३० किलोमीटरचा आहे, म्हणजे विकत घेतलेल्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी. वरच्या भागाचा काही पट्टा १९८० च्या दशकात वजिरालोंगकोर्न धरणाच्या पाण्याखाली गेला.

लोखंडाच्या मालकांना पैसे मिळाले. ज्यांनी रेल्वे बांधली त्यांना काय मिळालं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो सर्वांत महत्त्वाचाही आहे.

युद्धकैद्यांपासून सुरुवात करू. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को करारातल्या कलम १६ नुसार तटस्थ देशांमधली जपानी मालमत्ता आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसमार्फत कैद्यांसाठी वापरायची ठरलं. अशा मालमत्तांमधून ब्रिटिश कैद्याला १९५० च्या दशकात माणशी साधारण ७६ पौंड मिळाले. साडेतीन वर्षांच्या कैदेचा तो मोबदला होता. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने हयात कैद्यांना किंवा त्यांच्या विधवांना स्वतःच्या तिजोरीतून प्रत्येकी १० हजार पौंड जाहीर केले.

आशियाई मजुरांचं चित्र फार वेगळं आहे. मलायाच्या रबर मळ्यांमधून नेलेले मजूर पंचाहत्तर हजारांहून अधिक होते, त्यात बहुसंख्य तमिळ. काही मजुरीच्या आमिषाने गेले, पुष्कळांना सरळ पकडून गाडीत घातलं. कैद्यांकडे अधिकारी होते, डॉक्टर होते, हजेरीपट होते. कोण कुठे मेला याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. मजुरांकडे यातलं काहीच नव्हतं. पटकीच्या साथीत पूर्ण छावण्या रिकाम्या झाल्या आणि माणसं एकत्र पुरली किंवा जाळली गेली. कैद्यांसाठी कांचनाबुरी, चुंगकाय आणि थानब्युझायात इथे नावानिशी थडग्यांची स्मशानं आहेत. मजुरांसाठी तसं काही झालं नाही.

सरकारांमधले करार एकामागून एक होत गेले. ब्रह्मदेशाला १९५४ च्या करारात जपानकडून २० कोटी डॉलरची भरपाई मिळाली, दहा वर्षांत विभागून, बहुतेक माल आणि सेवांच्या रूपात. थायलंडने युद्धकाळात जपानला दिलेल्या रकमांचा 'विशेष येन' हिशोब १९५५ मध्ये मिटला. ५४० कोटी येन रोख आणि ९६० कोटी येन कर्जाऊ असं ठरलं. हे ९६० कोटी १९६२ मध्ये अनुदानात बदलले. मलेशियाशी १९६७ मध्ये करार झाला, २९४ कोटी येनचा, आणि त्यातून मालवाहू जहाजं बांधली गेली. भारताने ९ जून १९५२ च्या स्वतंत्र शांतता करारात जपानकडची सगळी भरपाई सोडून दिली. त्या निर्णयामागे आशियाई मैत्रीचा विचार होता आणि त्याचा मला आदर आहे. पण मळ्यांवरून नेलेल्या तमिळ माणसाचा दावा कोणी मांडायचा? तो भारताचा नागरिक म्हणून मोजला गेला नाही आणि मलायात त्याच्यासाठी बोलणारं स्वतःचं सरकार १९५७ पर्यंत नव्हतं.

१९४६ च्या सौद्यात मलायाच्या रुळाला किंमत होती, कारण मलायाची रेल्वे हे एक खातं होतं, त्याला दावा लावता येत होता. मळ्यावरून नेलेल्या माणसाच्या श्रमाला खातं नव्हतं. त्या वेळी ही तफावत कोणाच्या नजरेस आली नसेल असं मला वाटत नाही. विक्रीच्या रकमेतला अगदी छोटा हिस्सा मळ्यांवरच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी बाजूला काढणं शक्य होतं, आणि तो काढायला हवा होता. मलेशियातल्या तमिळ कुटुंबांच्या संघटना आजही हा प्रश्न मांडत आहेत. त्यांची मागणी जुनी झाली म्हणून कमी खरी होत नाही.

क्वायवरचा तो प्रसिद्ध पूल मूळचाच आहे का?

बराचसा. कांचनाबुरीजवळच्या या लोखंडी पुलाचे कमानदार गाळे जावातून आणलेले आहेत. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात मधले गाळे पडले. त्यांच्या जागी जपानमध्ये बनवलेले दोन कोनदार गाळे युद्धानंतर बसवले गेले. पुलावर उभं राहिलं की वेगळे आकार लगेच ओळखू येतात. तेव्हा ती नदी मे क्लोंग होती. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटामुळे जगभरातून लोक क्वाय शोधत येऊ लागले, म्हणून १९६० मध्ये नदीच्या त्या भागाचं नाव ख्वे याई केलं गेलं.

भारतातही युद्धाचा असा रेल्वेमाल शिल्लक राहिला होता का?

भरपूर, आणि दोन्ही दिशांनी. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतातल्या काही शाखामार्गांचे रूळ उखडून, इंजिनं आणि वाघिणींसह, मध्यपूर्वेत पाठवले गेले. नंतर उलटा ओघ सुरू झाला. आसामच्या आघाडीसाठी अमेरिकन लष्कराने १ मार्च १९४४ पासून कटिहार ते लेडो हा सुमारे ८०४ मैलांचा मीटरगेज मार्ग स्वतः चालवायला घेतला आणि त्यासाठी मॅकआर्थर इंजिनं आणली. भारतीय रेल्वेत ती एमएडब्ल्यूडी म्हणून ओळखली गेली. ब्रॉडगेजवर अमेरिकेहून एडब्ल्यूडी आणि कॅनडाहून सीडब्ल्यूडी जातीची इंजिनं आली. वाफेच्या इंजिनांचे चाहते ही नावं आजही घेतात.

या सगळ्याची मालकी १६ मे १९४६ च्या भारत-अमेरिका समझोत्यात मिटली. युद्धकाळात एकमेकांना पुरवलेल्या मालाचा उधार-उसनवारीचा (लेंड-लीज) हिशोब दोन्ही बाजूंनी चुकता मानला गेला आणि इथे उरलेला अमेरिकन माल भारत सरकारच्या नावावर झाला. अमेरिकेने उसनी दिलेली चांदी मात्र या हिशोबाबाहेर ठेवली होती, ती नंतर परत करावी लागली. सरकारच्या डिस्पोजल खात्याने बाकी मालाचे लिलाव केले. आपल्याकडे 'डिस्पोजलचा माल' हा शब्द घरोघरी रुळला तो तेव्हापासून. डिस्पोजलचे बूट, ब्लँकेटं, जीपगाड्या आठवणारी माणसं अजून भेटतात.

सयामच्या रेल्वेपेक्षा हा व्यवहार सोपा होता. देणारा एक, घेणारा एक, माल लुटलेला नाही.

आज ही रेल्वे पाहता येते का?

येते. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून नाम तोकला रोज साध्या गाड्या जातात. वाटेत तो पूल लागतो आणि पुढे नदीकाठच्या कड्याला चिकटून जाणारा वांग फोचा लाकडी पूल. तिथे गाडी अगदी हळू चालते. कांचनाबुरीचं लष्करी स्मशान स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाम तोकच्या पुढे रूळ नाहीत, त्यामुळे खडक फोडून काढलेल्या हेलफायर पासला रस्त्याने जावं लागतं. तिथलं संग्रहालय ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये उभारलं आणि जुन्या मार्गाचा काही भाग चालण्यासाठी मोकळा ठेवला आहे. ऊन टाळायचं असेल तर सकाळी लवकर निघावं. परतीची शेवटची गाडी दुपारीच सुटते, तेव्हा ती चुकली तर बसने कांचनाबुरीला यावं.